फॅमिली मेडिसिन करून पुढे शिकवायचंय, नाशिकमध्ये राहून जमेल का?

गोदाकाठची_डॉक्टर
मंगळवार, रात्री १०.४०

नमस्कार सगळ्यांना. इथं बरेच डॉक्टर आहेत म्हणून विचारतेय, जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

माझं एमबीबीएस झालं, इंटर्नशिप झाली, बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष पेठ तालुक्यात एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्रात) मेडिकल ऑफिसर म्हणून काढलं, ते मागच्या महिन्यात संपलं. बाबांचा पंचवटीत दवाखाना आहे, तीस वर्षं झाली. दोन खोल्या, बाहेर लाकडी बाक, आत हिरवा पडदा. मी त्या बाकावर अभ्यास करून मोठी झालेय. नीट पीजीचा रँक असा आलाय की पेडियाट्रिक्स मिळू शकतं, कदाचित मेडिसिन पण. आणि मला डीएनबी फॅमिली मेडिसिन घ्यायचंय, म्हणजे घरच्या डॉक्टरकीतलंच नॅशनल बोर्डाचं पीजी.

घरात हे सांगितल्यापासून वातावरण तंग आहे. आई काही बोलत नाही. मामा म्हणतात एवढा रँक असून जीपीच, म्हणजे साधा घरचा डॉक्टरच, व्हायचं होतं तर तीन वर्षं कशाला घालवतेस, आत्ताच बाबांच्या खुर्चीत बस. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बाबा स्वतः म्हणतात की बेटा स्पेशालिस्ट हो, आमची पिढी निभावली, पुढे घरच्या डॉक्टरला कोण विचारणार.

मला हे का करायचंय ते सांगते. पीएचसीला एक बाई यायची, दोन लेकरं घेऊन, दर महिना-दीड महिन्याला खोकला. मी तपासायचे, औषध द्यायचे, पोरं बरी व्हायची, परत यायची. चौथ्या वेळेला आशाताई शेजारी उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, मॅडम हिच्या सासऱ्याला टीबीच्या गोळ्या चालू होत्या, मधेच सोडल्या त्यांनी. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाड्यावर गेले. एकच खोली, चूल, चुलीच्या बाजूला म्हाताऱ्याचं अंथरूण आणि त्याला लागूनच पोरांची गोधडी. थुंकी तपासली, पॉझिटिव्ह. मग पोरांची तपासणी, धाकटीला निघालाच. चार वेळा ती पोरगी माझ्यासमोर बसली होती आणि मी फक्त तिची छाती ऐकली, घर बघितलंच नाही. साडेपाच वर्षांत मला घर बघायला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून डोक्यात आहे की हे नीट शिकायचं आणि मग पुढच्या पोरांना शिकवायचं.

आता प्रश्न असा की डीएनबी केल्यावर शिकवायच्या लाइनला खरंच जाता येतं का, की शेवटी दवाखानाच टाकायचा? दवाखाना आणि कॉलेज दोन्ही सांभाळता येतं का? बाहेरच्या देशांत फॅमिली डॉक्टर प्रोफेसर होतात, युनिव्हर्सिटीत डिपार्टमेंट चालवतात असं वाचते, इथं असा माणूस कुणी पाहिलाय का? आणि हे सगळं नाशिक न सोडता होईल का, कारण बाबांना आता सोबत लागते.

सिन्नरकर_८८
मंगळवार, रात्री ११.१५

मॅडम मी डॉक्टर नाही, औषध कंपनीचा एमआर आहे, रोज दहा-बारा दवाखाने फिरतो. पेडियाट्रिक्स मिळत असेल तर घ्या एवढंच मनापासून सांगतो. फक्त एमबीबीएसवाल्या डॉक्टरांची ओपीडी गेल्या काही वर्षांत कशी कमी झाली ते मी डोळ्यांनी बघितलंय, लोक साध्या सर्दीला पण थेट मोठ्या हॉस्पिटलात जातात. तुमच्या बाबांचं म्हणणं काळजीपोटी आहे, त्यांना दोष देऊ नका.

नाशिकरोडचे_डॉक्टरकाका
बुधवार, सकाळी ६.२०

अगं पोरी, तुझी पोस्ट पहाटे वाचली आणि चहा तसाच राहिला. मी ३८ वर्षं नाशिकरोडला प्रॅक्टिस करतोय, नोटा छापणाऱ्या प्रेसमधली माणसं, रेल्वेतली, देवळाली कॅम्पकडची, आता त्यांची नातवंडं. तुझ्या बाबांना मी ओळखत नाही पण ते जे म्हणाले ते मीही माझ्या मुलाला म्हणालो होतो, आणि त्याने ऐकलं, तो आज भूलतज्ज्ञ आहे, सुखात आहे. पण तुला मी तसं सांगणार नाही.

आधी एक गोष्ट ऐक. इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये वेन्स्लीडेल म्हणून एक खोरं आहे, तिथं आयस्गार्थला विल्यम पिकल्स नावाचा खेड्यातला डॉक्टर होता. युनिव्हर्सिटी नाही, लॅब नाही, डोंगर आणि मेंढ्या. पण तो काय करायचा, कुठल्या घरात कुठल्या तारखेला कुठला ताप शिरला, त्याआधी त्या घरातलं माणूस कुठं जाऊन आलं होतं, ते सगळं लिहून ठेवायचा. १९२९ साली त्या खोऱ्यात काविळीची साथ आली. एका मुलीला सकाळी त्याने आजारी बघितलं होतं आणि तीच दुपारी गावच्या जत्रेत हजर, मग त्या जत्रेत कोण कोण होतं आणि किती दिवसांनी कोण पिवळं झालं असं माग काढत त्याने दाखवून दिलं की लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण महिना जातो. शहरातल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरला हे कधीच दिसलं नसतं, त्याच्याकडे पेशंट पिवळा होऊनच येतो, तो कुणाच्या घरी जेवला होता हे त्याला कुठून कळणार? पिकल्सला माहिती होतं कारण तो सगळ्यांना ओळखत होता. १९३९ ला त्याने हे पुस्तकात मांडलं आणि १९५२ साली तिथल्या जीपींनी स्वतःचं कॉलेज, म्हणजे त्यांची संघटना, काढलं तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष हाच खेड्यातला डॉक्टर झाला.

म्हणजे प्रॅक्टिस एकीकडे आणि अभ्यास दुसरीकडे असं नसतं गं. आपला विषयच दवाखान्याच्या बाकावर जन्माला आलाय. ज्यांनी आपल्या पेशंटचं नीट मोजून लिहून ठेवलं तेच पुढे प्रोफेसर झाले, आणि आमच्यासारख्यांनी नाही लिहिलं म्हणून इकडे हा विषय कॉलेजात शिरायला एवढा उशीर झाला.

अजून एक सांगतो, हे तुझ्या मामांना ऐकव. १९६१ साली केर व्हाइट नावाच्या माणसाने आणि त्याच्या सोबत्यांनी साधा हिशोब मांडला. १,००० मोठी माणसं घ्या, एका महिन्यात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. हॉस्पिटलात ॲडमिट होतात ९. दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवले जातात ५. आणि युनिव्हर्सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचतो फक्त १. आता तू जिथं एमबीबीएस शिकलीस तिथं कोण ॲडमिट होतं ते आठव. तो शेवटचा एक जण. साडेपाच वर्षं त्या एकाच्या खाटेभोवती उभं राहून तू शिकलीस आणि पेठला गेल्यावर उरलेले २४९ समोर आले. पाड्यावर जे झालं त्यात तुझी चूक कमी आहे, शिकवण्याची जागा चुकलीये. ती जागा बदलायची तर कुणीतरी शिकवणारं माणूस दवाखान्यातूनच यावं लागेल ना?

माझंच एक सांगतो, दोन आठवड्यांपूर्वीचं. एक आजी, वय ७४, जेलरोडला राहतात, बाथरूममध्ये दोनदा पडल्या. सुनेने कापडी पिशवी आणली, मी नेहमी सांगतो की गोळ्यांची अख्खी पिशवी घेऊन या, कागद नको. टेबलावर ओतली. हृदयाचे वेगळे डॉक्टर, शुगरचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे, आणि एक फाइल मुलीकडे पुण्याला राहिल्या होत्या तेव्हाची. अकरा प्रकारच्या पट्ट्या. एकेक उलटी करून मागचं बारीक नाव वाचत गेलो तर टेल्मिसार्टन, म्हणजे बीपीची गोळी, दोन. एक नाशिकच्या डॉक्टरांची, एक पुण्याची, कंपनी वेगळी, नाव वेगळं, एक पट्टी निळी एक चंदेरी, आजींना वाटलं दोन वेगळ्या गोळ्या आहेत. वर रात्रीची झोपेची अर्धी. झोपवून बीपी घेतलं ते ठीक, उभं करून घेतलं तर धाडकन खाली. चारही डॉक्टर हुशार आहेत, एकानेही चुकीचं लिहिलेलं नाही. पण पिशवी कुणाच्याच टेबलावर उलटी झाली नव्हती. मी दोघांना फोन केला, गोळ्या सहावर आल्या, आजी आता परत देवळात जातात.

हे कुठल्या पुस्तकातल्या कुठल्या चॅप्टरमध्ये शिकवतात? हृदयाच्या नाही, गुडघ्याच्या नाही. पण शिकवावं लागतं, आणि शिकवता येतं, मी माझ्याकडे येणाऱ्या पोरांना शिकवतो.

माझ्याकडे एक फडताळ भरून फॅमिली कार्डं आहेत. १९९१ पासून मी एका घराला एक कार्ड असं ठेवलंय, वरती घरातली सगळी माणसं, कोण कुणाचं कोण, कोण काय काम करतं, खाली आजार. साधारण बाराशे घरं. एकाच आडनावाची चार घरं असली तर पाळण्यातल्या नावासकट लिहिलंय. त्यातून काही शोधून काढायला मला वेळ मिळाला नाही आणि शिकलेलोही नव्हतो, ही खंत आहे. तू ये, बघ.

डॉ_इंदिरानगर
बुधवार, दुपारी २.०५

मी डीएनबी फॅमिली मेडिसिन केलंय, म्हणून कोर्सबद्दल मी बोलते, काकांनी बाकीचं फार सुंदर सांगितलंय.

ताई, आधी साधं. एमबीबीएसनंतर तीन वर्षं, नीट पीजीच्या मार्कांवर काउन्सेलिंग, परीक्षा नॅशनल बोर्डाची. कागदावर मेडिसिन, सर्जरी, पेडियाट्रिक्स, गायनॅक, हाडांचं, कान-नाक-घसा, डोळे, स्किन, मानसोपचार, इमर्जन्सी सगळीकडे फिरवतात. कागदावर म्हणतेय कारण सगळा खेळ हॉस्पिटलवर आहे. मी जिथं होते तिथं, नाव घेत नाही, मला मानसोपचाराच्या पोस्टिंगला सोडलंच नाही, आयसीयूत माणूस कमी आहे म्हणून तिथंच ठेवलं, आणि फॅमिली मेडिसिनची स्वतःची अशी ओपीडीच नव्हती. तीन वर्षं फॅमिली मेडिसिनची रेसिडेंट असून एकही अख्खं कुटुंब सलग बघितलं नाही. मी भांडले, लेखी दिलं, शेवटच्या वर्षी आठवड्यातून दोन दुपारी जवळच्या वस्तीत जायला मिळालं आणि खरं शिक्षण तिथंच झालं.

म्हणून सीट घ्यायच्या आधी तिथं जा, आत्ताच्या रेसिडेंटला कँटीनमध्ये गाठ आणि विचार की स्वतःची ओपीडी आहे का, तोच पेशंट तुला परत भेटतो का, गाइड स्वतः फॅमिली मेडिसिनचा आहे की मेडिसिनच्या सरांचं नाव नुसतं लावलंय, मागच्या बॅचचे लोक आता काय करतात. ही उत्तरं गोलमाल आली तर ती सीट सोड, दुसरी बघ. नाशिकबाहेर जावं लागलं तरी तीन वर्षांसाठी जा. वेल्लोरच्या सीएमसी मेडिकल कॉलेजमध्ये या विषयाचं काम फार जुनं आणि पक्कं आहे, तिथं महिनाभर ऑब्झर्व्हर म्हणून गेलीस तरी डोळे उघडतील, माझे उघडले.

आणि जीपीच व्हायचं तर तीन वर्षं कशाला या प्रश्नाचं माझं उत्तर. एमबीबीएस करून मी दवाखाना टाकला असता तर मी पेशंटचं बोलणं पंधरा सेकंदांत तोडलं असतं, कारण तशीच सवय लागते. कन्सल्टेशन हे स्वतंत्र कसब आहे, टाके घालण्यासारखंच, बघून, करून, कुणीतरी चूक दाखवून येतं. मी आता शनिवारी दोन इंटर्नना दवाखान्यात बसवते. पहिला महिना त्यांनी फक्त गप्प बसून लिहायचं, पेशंट आत आल्यापासून आपण पहिला शब्द कधी बोललो, आणि उठताना दारात उभं राहून पेशंट काय बोलला. दारातलं वाक्य महत्त्वाचं असतं हे तुला बाबांच्या दवाखान्यात कळलंच असेल. पोटात जळजळ म्हणून आलेला माणूस पडदा बाजूला करताना म्हणतो, "डॉक्टर, झोप पण लागत नाही हल्ली." तिथून खरी तपासणी सुरू होते.

पैशाचं खोटं सांगणार नाही. पहिली दोन वर्षं ओढाताण झाली. आता बरं चाललंय. मुलांचं लसीकरण, मधुमेह, घरी झोपून असलेल्या म्हाताऱ्यांकडे व्हिजिट, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटचं दुखणं सांभाळणं, या सगळ्याला शहरात माणूस हवाय आणि करणारे कमी आहेत.

अश्विनी_सातपूर
बुधवार, रात्री ९.३०

मी पेशंट म्हणून लिहितेय चालेल का. आमचे डॉक्टर सातपूरला आहेत, माझ्या लग्नापासून म्हणजे बावीस वर्षं. मिस्टर अंबडला कंपनीत शिफ्टला. माझ्या दुसऱ्या बाळंतपणानंतर मी सारखं डोकं दुखतंय म्हणून जायचे, डोळे तपासले, सिटी स्कॅन पण झाला एका ठिकाणी, काही नाही निघालं. शेवटी डॉक्टरांनी एकदा सासूबाईंना बाहेर बसवलं आणि मला विचारलं की वहिनी, जेवता का नीट, आणि माहेरी कधी गेला होतात. मी पाऊण तास रडले. बाहेर रांग होती तरी त्यांनी उठवलं नाही. त्यांनी माझी आई वारली तेव्हापासूनचं सगळं बघितलं होतं म्हणून त्यांना कळलं, स्कॅनवाल्यांना कसं कळणार. मग गोळ्या चालू केल्या, मिस्टरांना बोलावून समजावलं. मॅडम तुम्ही जे शिकणार आहात ते कुणीतरी शिकवायलाच पाहिजे, कारण आमचे डॉक्टर आता थकलेत आणि त्यांच्यानंतर कोण हा प्रश्न आमच्या गल्लीत सगळ्यांना पडलाय.

पीएसएमचा_मास्तर
गुरुवार, सकाळी ११.५०

मी मेडिकल कॉलेजात कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे समाजाच्या आरोग्याचा विषय, जुनं नाव पीएसएम, शिकवतो, कॉलेजचं नाव राहू दे. शिकवायच्या लाइनबद्दल मूळ प्रश्न आहे म्हणून त्यावरच बोलतो.

आधी अश्विनीताईंनी जे लिहिलं त्याला आकड्याचा आधार देतो. नॉर्वेत प्रत्येक माणसाच्या नावावर एक ठरलेला जीपी असतो, तिथल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या, तर एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त असलेल्यांमध्ये, एक वर्षच झालेल्यांपेक्षा, मृत्यूचं प्रमाण साधारण २५ टक्के कमी आणि तातडीने ॲडमिट व्हायचं प्रमाणही जवळपास तेवढंच कमी दिसलं. एखाद्या नव्या गोळीने एवढा फरक पाडला असता तर पेपरच्या पहिल्या पानावर आला असता. ओळख हे औषध आहे, हे मोजून सिद्ध करणारे लोक म्हणजेच या विषयातले ॲकॅडमिक. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीच्या बार्बरा स्टारफिल्ड यांनी तर आयुष्य यातच घातलं. मूळच्या बालरोगतज्ज्ञ, पण पहिली भेट, सातत्य, सर्वांगीण उपचार आणि समन्वय या चार गोष्टी मोजायच्या कशा हे त्यांनी बसवून दिलं आणि ज्या देशात प्राथमिक सेवा मजबूत तिथं लोक जास्त निरोगी आणि खर्चही आटोक्यात, हे देशादेशांची तुलना करून मांडलं.

आता पदांचं. जगातलं जनरल प्रॅक्टिसचं पहिलं प्रोफेसरपद एडिनबरोला १९६३ मध्ये निर्माण झालं, रिचर्ड स्कॉट. कॅनडातले पहिले प्रोफेसर इयान मॅकविनी, ते इंग्लंडात वडिलांसोबत प्रॅक्टिस करायचे आणि १९६८ ला कॅनडात गेले. हे मी मुद्दाम सांगतोय कारण तुझ्यासारखंच, वडिलांच्या दवाखान्यातून थेट युनिव्हर्सिटीत, आणि तिथंही त्यांनी पेशंटचं म्हणणं पेशंटच्या नजरेतून समजून घेणं हाच अभ्यासाचा विषय केला.

आपल्याकडे देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच समाजात काम करणारा पायाभूत डॉक्टर तयार करा असं सांगितलं होतं. पण झालं काय, समाजाचा भाग आमच्या पीएसएमकडे आला आणि पेशंट मेडिसिनकडे गेला. आम्ही सर्व्हे शिकवतो पण आमच्याकडे रोजची ओपीडी नाही, आणि ज्यांच्याकडे ओपीडी आहे ते घरी जात नाहीत. तुझी ती टीबीची पोरगी बरोब्बर या फटीत पडली होती.

आता दारं उघडायला लागलीत. कोझिकोडच्या सरकारी कॉलेजात एमडी फॅमिली मेडिसिन आहे. भोपाळ, भुवनेश्वर, रायपूर अशा एम्समध्ये डिपार्टमेंटचं नावच कम्युनिटी अँड फॅमिली मेडिसिन आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आणि २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या कायद्यात फॅमिली मेडिसिनचा स्पष्ट उल्लेख आहे. एमबीबीएसच्या पोरांना आता पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबं दत्तक दिली जातात, आणि तिथं त्यांच्यासोबत जाऊन नेमकं काय बघायचं हे दाखवणारा माणूस कमी पडतो, हे मी स्वतः अनुभवतोय. चाळीस पोरं बसमधून उतरतात, फॉर्म भरतात, परत बसमध्ये. तिथं तुझ्यासारखी एक जण हवी.

पण आपल्या भागात आज तयार खुर्ची मिळेल असं धरून चालू नको. डीएनबी ही एमडीच्या बरोबरीची धरली जाते, सीनियर रेसिडेंट, मग असिस्टंट प्रोफेसर ही शिडी तीच, फक्त डिपार्टमेंट असेल तर शिडी लागणार. म्हणून तुला कदाचित डिपार्टमेंट उभं करावं लागेल, आणि ते नाशिकमध्ये करायला हरकत काय? राज्यातली मेडिकल कॉलेजं जिला जोडलेली आहेत ती आरोग्य विज्ञान युनिव्हर्सिटी १९९८ पासून इथंच आहे, आपल्या म्हसरूळला. आणि उदाहरण हवंच असेल तर शेजारच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात बघ, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये जामखेडला गेले, गावातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, १९७९ ला मॅगसेसे मिळालं आणि आजही जगभरातून लोक तिथं शिकायला येतात. प्रोफेसरच्या खुर्चीशिवाय केवढी शाळा उभी राहिली.

पिंपळगावचा_वैद्य
गुरुवार, दुपारी ४.१५

मास्तर बरोबर बोलले. मी पिंपळगाव बसवंतला, साधा एमबीबीएस. काकांनी पिकल्सचं सांगितलं तसं मी नकळत करत होतो बहुतेक. द्राक्षाची ऑक्टोबरची गोडी छाटणी झाली की बागांवर डावणी-भुरी या रोगांसाठी फवारण्या सुरू होतात आणि माझ्याकडे डोकं जड, मळमळ, डोळ्यांची आग, हातावर खाज असे पेशंट वाढतात. मी केसपेपरवर कोपऱ्यात फ लिहायला लागलो, फ म्हणजे फवारणी. चार वर्षांचे केसपेपर मुलीने सुट्टीत एक्सेलमध्ये घातले. त्यातून एक दिसलं की ब्लोअर (फवारणीचं मशीन) चालवणाऱ्यापेक्षा औषध कालवणारा जास्त येतो, आणि ते बहुतेक वेळा पेठ-सुरगाण्याकडून आलेलं मजूर जोडपं असतं, उघड्या हाताने काठीने ढवळतात. मी चार बागायतदारांना बसवून सांगितलं, दोघांनी हातमोजे आणि झाकणाची टाकी आणली. एवढंच केलंय. हा रिसर्च आहे का मला माहिती नाही, कुणी मार्गदर्शन केलं तर नीट करायची इच्छा आहे.

तीच जोडपी मग एप्रिल-मेमध्ये परत पाड्यावर जातात. माझ्याकडे बीपी चालू झालेली बाई जूनमध्ये पेठच्या पीएचसीला जाते तेव्हा तिथल्या डॉक्टरला काहीच कळत नाही, आणि नोव्हेंबरात माझ्याकडे येते तेव्हा गोळ्या कधीच बंद झालेल्या असतात. तुम्ही तिकडे होतात ना मॅडम, तुम्हाला उलट्या बाजूने दिसलं असेल.

पीएसएमचा_मास्तर
गुरुवार, संध्याकाळी ६.००

@पिंपळगावचा_वैद्य हा रिसर्चच आहे सर, शंभर टक्के. केसपेपर फेकू नका. एथिक्स कमिटीची परवानगी, पेशंटची नावं काढून टाकणं आणि कोऱ्या तक्त्यात परत मोजणी, एवढं मी सोबत बसून करून देतो. वेल्समध्ये ग्लिनकोरग नावाच्या खाणकामगारांच्या गावात ज्युलियन ट्यूडर हार्ट असेच बसले, आलेल्या प्रत्येकाचं बीपी मोजायचं, दुखत असो नसो, आणि १९७१ ला त्यांनी लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये लिहिलं की जिथं गरज सगळ्यात जास्त तिथंच चांगली सेवा सगळ्यात कमी पोचते. पेठ-सुरगाण्याचे मजूर आणि नाशिकचा सुखवस्तू कॉलेजरोड असं डोळ्यासमोर ठेवून ते वाक्य वाचा.

गोदाकाठची_डॉक्टर
गुरुवार, रात्री ११.२०

सगळ्यांचे कसे आभार मानू कळत नाहीये. ही सगळी चर्चा मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवली. आईने अश्विनीताईंचं दोनदा वाचायला लावलं. बाबा काही बोलले नाहीत, पण आजींच्या पिशवीचं आलं तेव्हा म्हणाले, दोन टेल्मिसार्टन मी पण पकडल्यात, तीन वेळा, आणि आत जाऊन एक जुनी डायरी घेऊन आले. मला माहितीच नव्हती ती. १९९७ ची डेंटल कंपनीने दिलेली डायरी, त्यात त्यांनी ज्या ज्या पेशंटच्या बाबतीत आपलं निदान चुकलं ते लिहून ठेवलंय. तारीख, काय वाटलं होतं, काय निघालं, आणि पुढच्या वेळी काय विचारायचं. एका पानावर फक्त "घरी कोण कोण खोकतंय ते विचारणे" असं लिहिलंय आणि खाली दोन रेघा. माझी पाड्यावरची गोष्ट मी त्यांना सांगितली होती तेव्हा ते गप्प का झाले होते ते आज कळलं.

पिंपळगावच्या डॉक्टरांना, हो सर, उलट्या बाजूने अगदी तसंच दिसायचं. जूनमध्ये बायका यायच्या, विचारलं की गोळी कुठली चालू होती तर म्हणायच्या पिवळी. पीएचसीला आदिवासी भागात २०,००० लोक धरतात पण द्राक्षाच्या सीझनला निम्मे पाडे रिकामे, आम्ही म्हणायचो पेशंट फॉलोअपला येत नाहीत, पेशंट तुमच्याकडे असायचे. आपण दोघं मिळून एक छोटं कार्ड केलं तर, मराठीत, गोळीचं खरं नाव, डोस आणि शेवटचं बीपी, बाईच्या बटव्यात मावेल एवढं? पीएचसीला आता जे सर आलेत त्यांचा नंबर आहे माझ्याकडे, मी बोलते. मास्तर, यातलं काय आणि कसं मोजायचं ते तुम्ही सांगा प्लीज.

सीटचं म्हणाल तर इंदिरानगरच्या मॅडमने सांगितलं तसं आधी दोन हॉस्पिटलं स्वतः बघून येते, मगच चॉइस भरते. वेल्लोरलाही मेल टाकलाय आज.

काका, रविवारी सकाळी आले तर चालेल का? बाबा पण येतो म्हणतायत.

नाशिकरोडचे_डॉक्टरकाका
शुक्रवार, सकाळी ६.०५

ये. नऊच्या आत या, नंतर रविवार असूनही दोघं-चौघं येतातच. बिटको चौकात आलात की फोन करा, कंपाउंडर घ्यायला येईल. बाबांना म्हणावं ती डायरी सोबत आणा.